पोलिसांसाठी व्हिडिओ सिम्युलेटर: सत्र कसं घ्यावं, टप्प्याटप्प्याने

सिम्युलेटरच्या खोलीतून बाहेर आलेल्या शिपायाला विचारा, ‘कसं झालं?’ उत्तर ‘दहापैकी आठ लागल्या’ असं आलं, तर सत्र वाया गेलं म्हणून समजा. नेम सुधारायला फायरिंग रेंज आहे. पडद्यावरचा माणूस खिशात हात घालतो तेव्हा काय दिसलं, तोंडातून काय निघालं, पाय कुठे होते, बोट ट्रिगरवर होतं की बाहेर, हे सगळं रेंजवरच्या कागदी निशाण्यासमोर शिकता येत नाही. ते शिकायला हे यंत्र.

यंत्र तसं साधं आहे. प्रोजेक्टर पडद्यावर चित्रित प्रसंग दाखवतो. प्रशिक्षणार्थीच्या शस्त्रात गोळीऐवजी लेझर असतो. ट्रिगर दाबला की लेझरचा ठिपका पडद्यावर पडतो, कॅमेरा तो टिपतो आणि संगणक ‘लागली’ की ‘चुकली’ ते ठरवतो. मागे बसलेला ऑपरेटर प्रसंगाला वळण देतो: माणूस शरण येईल, पळेल, अंगावर येईल किंवा नुसता उभा राहील. काही यंत्रांना एकच पडदा असतो, काहींना पाच पडदे, ३०० अंशांत पसरलेले. पडदे वाढले म्हणून शिकवणं सुधारत नाही. एका पडद्यावर उत्तम सत्रं झालेली मी पाहिली आहेत आणि पाच पडद्यांवर निव्वळ करमणूकही.

## १. आधी एक वाक्य लिहा

सत्राच्या आदल्या दिवशी कागदावर एकच वाक्य लिहायचं: ‘या सत्रानंतर प्रशिक्षणार्थी अमुक एक गोष्ट करू शकेल.’ उदाहरणार्थ, ‘थांबवलेल्या गाडीजवळ जाताना एकच स्पष्ट हुकूम देईल आणि तो मानायला वेळ देईल.’ ‘निर्णयक्षमता वाढेल’ हे वाक्य चालणार नाही, कारण ते डोळ्यांनी तपासता येत नाही.

मग वेळेचा हिशेब करा. प्रसंग एक ते तीन मिनिटांचा असतो आणि त्यावरची चर्चा दहा ते पंधरा मिनिटं घेते. म्हणजे एका प्रशिक्षकाने अर्ध्या दिवसात सहा-आठ जणांपेक्षा जास्त घेऊ नयेत. वीस जणांची रांग लावली की कापली जाते ती चर्चाच, आणि मग उरतो खेळ.

माणसं दोन लागतात. एक ऑपरेटर, दुसरा प्रशिक्षणार्थीकडे पाहणारा. ऑपरेटरची नजर पडद्यावर आणि बटणांवर असते. बोट, नळीचं तोंड, पाय आणि आवाज या चार गोष्टी टिपायला दुसरेच डोळे हवेत. एकट्याने दोन्ही सांभाळायचं म्हटलं की दोन्ही अर्धवट होतात.

## २. खोलीत एकही जिवंत काडतूस नको

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि लोक तो उरकतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, पुंटा गोर्डा इथे पोलिसांनी नागरिकांसाठी ‘गोळी झाडावी की नाही’ असं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये नुसत्या आवाजाची काडतुसं आहेत अशी समजूत होती. पण काडतुसं खरी निघाली आणि त्यात भाग घेणारी एक वृद्ध महिला मृत्युमुखी पडली. तिथे पडदाही नव्हता आणि लेझरही. पण चूक कुठल्या जातीची आहे ते पाहा: ‘हे सरावाचंच आहे’ असं सगळ्यांनी धरून चालणं.

तपासणीचा क्रम असा:

- खऱ्या शस्त्रांसाठी खोलीबाहेर कुलूपबंद जागा ठेवा. शस्त्रं तिथेच रिकामी करून जमा करायची, खोलीत आणून नाही.
- प्रत्येकाची तपासणी तीनदा: आधी स्वतः, मग शेजारच्याने, शेवटी प्रशिक्षकाने. खिसे, मॅगझिनचे पाऊच, घोट्याजवळचं राखीव होल्स्टर, पिशवी.
- चाकू, खरा स्प्रे आणि विजेचा झटका देणारं खरं उपकरणही बाहेर.
- सिम्युलेटरचं शस्त्र वेगळ्या रंगाचं किंवा ठळक खुणेचं असावं. खऱ्या पिस्तुलात लेझर बसवून वापरत असाल तर चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा.
- कोणी पाणी प्यायला जरी बाहेर गेला, तरी आत येताना तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

शेवटच्या मुद्द्यावर लोक हसतात. हसू द्या.

सावधान: शस्त्र लेझरचं असलं तरी नळी माणसाकडे वळता कामा नये. लेझर डोळ्यांना बरा नाही हे एक कारण, पण मोठं कारण सवयीचं आहे. इथे जे हात सैल होतात, ते बाहेर जाऊनही सैलच राहतात.

## ३. पडदा, लेझर आणि जमिनीवरची चिकटपट्टी

कॅलिब्रेशन म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारी जागा आणि पडद्यावरची जागा यांचा मेळ घालणं. प्रोजेक्टरला किंवा कॅमेऱ्याला धक्का लागला की हा मेळ बिघडतो, म्हणून प्रत्येक सत्राआधी तो नव्याने करा. मग प्रत्येक शस्त्राने, हात टेकवून, पाच ठिकाणी झाडून पाहा: चार कोपरे आणि मध्य. मध्य बरोबर आणि कोपरे चुकीचे येत असतील तर कॅलिब्रेशन पुन्हा करा. पाचही ठिकाणी एकाच बाजूला ढळत असेल तर त्या शस्त्रातला लेझर तिरका बसला आहे.

प्रकाश हा इथला छुपा शत्रू. बऱ्याच यंत्रांत डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड लेझर असतो, आणि सूर्यप्रकाशात व जुन्या पिवळ्या दिव्यांत इन्फ्रारेड भरपूर असतं. एका सकाळी माझ्या सत्रात कोणी ट्रिगरला हातही लावला नव्हता, तरी पडद्याच्या डाव्या कडेला गोळ्यांच्या खुणा उमटत होत्या. अर्धा तास आम्ही संगणकाला शिव्या घातल्या. शेवटी कळलं, खिडकीच्या पडद्याला बोटभर फट होती आणि तिथून आलेली उन्हाची तिरीप नेमकी त्या कडेवर पडत होती. तेव्हापासून खोली अंधारी करून, कोणीही शस्त्र न उचलता, दोन मिनिटं यंत्र नुसतं चालू ठेवून बघतो. या दोन मिनिटांत एकही खूण उमटायला नको.

आता अंतर. यात जवळपास सगळेच चुकतात. पडद्यावरचा माणूस किती लांब ‘वाटतो’ हे दोन गोष्टींवर ठरतं: त्याची पडद्यावरची उंची आणि प्रशिक्षणार्थीचं पडद्यापासूनचं अंतर. हिशेब सोपा आहे:

चित्राची उंची = माणसाची खरी उंची × (पडद्यापासूनचं अंतर ÷ दाखवायचं अंतर)

प्रशिक्षणार्थी पडद्यापासून ३.५ मीटरवर उभा आहे आणि १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस ७ मीटरवर दाखवायचा आहे, तर पडद्यावर तो ८५ सेंटिमीटरचा दिसायला हवा. टेप घेऊन मोजा. आता हाच प्रशिक्षणार्थी एक मीटर पुढे सरकला तर? खऱ्या जगात अंतर ६ मीटर झालं असतं. इथे चित्र तेवढंच राहतं आणि समोरचा माणूस ५ मीटरवर आल्यासारखा भासतो. म्हणून जमिनीवर चिकटपट्टीने चौकोन आखा आणि हालचाल त्याच्या आतच ठेवा.

दुसरी मर्यादाही सांगून टाका. प्रसंग एकाच जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला असतो. प्रशिक्षणार्थी बाजूला सरकून भिंतीआड डोकावला तरी त्याला भिंतीमागचं दिसणार नाही. आड घ्यायची सवय लावायची असेल तर चौकोनात खरा लाकडी अडसर ठेवा आणि तो वापरला की नाही ते पाहा. ‘त्या कोनातून दिसायला हवं होतं’ असा ठपका मात्र ठेवू नका, यंत्रात तो कोनच नसतो.

गोळी सुटल्यासारखा हाताला मागे झटका देणाऱ्या सरावाच्या शस्त्रांत कार्बन डायऑक्साइड किंवा दाबाची हवा असते. भराभर फैरी झाडल्या की वायू थंड होतो, दाब उतरतो आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, अर्ध्यात अडकते. प्रशिक्षणार्थीने ही शस्त्र अडकल्याचीच वेळ समजून नेहमीची कृती करावी. नोंदीत मात्र ‘यंत्राचा दोष’ लिहा, त्याच्या गुणांत धरू नका. आणि झटका असला तरी तो खऱ्यापेक्षा हलकाच. इथे जमलेल्या पकडीवरून कोणाला नेमबाज म्हणू नका.

## ४. प्रसंग निवडा, वळणं आधी ठरवा

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. ऑपरेटरही माणूसच, त्यालाही थरार आवडतो. मग प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी बंदूक निघते. तिसऱ्या प्रसंगापर्यंत प्रशिक्षणार्थी शिकतो की इथे शेवटी झाडायचीच असते, आणि चौथ्यात तो मोबाइल काढणाऱ्यावर झाडतो. तेव्हा आपण त्याला झापतो. शिकवलं कोणी होतं?

मी पाळतो तो नियम: पाच प्रसंगांतले निदान तीन गोळीशिवाय संपले पाहिजेत, आणि त्यातला एक अगदीच साधा हवा. माणूस तारेने गाडीचं दार उघडतोय, आणि गाडी त्याचीच आहे, किल्ली आत राहिली आहे. बस, एवढंच.

वळणं कशावर ठरतील ते आधी लिहून ठेवा. गाडीच्याच प्रसंगाचं पाहू:

- प्रशिक्षणार्थीने ओळख दिली, एक स्पष्ट हुकूम दिला आणि थांबला, तर माणूस हळूच हात दाखवतो.
- काहीच न बोलता जवळ गेला, तर माणूस दचकून वळतो. हातात तार.
- दोन उलटसुलट हुकूम दिले, तर माणूस गोंधळून तसाच उभा, एक हात खिशाजवळ.

तिसरं वळण फार कामाचं आहे. घाबरलेला शिपाई एका दमात ओरडतो, ‘हलू नकोस! हात वर कर!’ दोन्ही एकाच वेळी कसं करणार? पडद्यावरचा माणूस अडकतो, प्रशिक्षणार्थीला वाटतं हा ऐकत नाही, आणि बोट ट्रिगरकडे सरकतं. ही चूक माणसाला भाषणातून कळत नाही, इथे मात्र पहिल्याच फेरीत कळते.

कायदा ज्याच्या त्याच्या देशाचा. पाया म्हणून संयुक्त राष्ट्रांची बळ आणि शस्त्र वापरण्याबाबतची मूलतत्त्वे हाताशी ठेवा, १९९० साली हवाना इथे स्वीकारलेली. त्यातलं दहावं तत्त्व सांगतं की आधी ओळख द्यावी, शस्त्र वापरण्याचा स्पष्ट इशारा द्यावा आणि तो मानायला पुरेसा वेळ द्यावा. त्याने कोणाच्या जिवाला धोका होत असेल किंवा त्या परिस्थितीत ते निरर्थक असेल तर गोष्ट वेगळी. ‘पुरेसा वेळ’ हे दोन शब्द वाचून दाखवण्यापेक्षा घड्याळ लावून मोजलेले बरे.

तपासा: प्रशिक्षणार्थीच्या पट्ट्यावर पिस्तुलाखेरीज काय आहे? सरावाचा स्प्रे, लाठी, हातात वायरलेस? नुसतं पिस्तूल दिलंत तर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पिस्तूलच येणार.

## ५. आत पाठवण्यापूर्वीच्या सूचना

थोडक्यात उरका. नियंत्रण कक्षाकडून खरोखर जेवढी माहिती मिळाली असती तेवढीच सांगा: ठिकाण, वेळ, तक्रार कसली, मदतीला कोण आणि किती दूर. ‘सांभाळून हं, याच्याकडे काहीतरी आहे’ असं चुकूनही म्हणू नका, तुमच्या सुरातूनही म्हणू नका. पडद्याशी बोलायचं, मोठ्याने बोलायचं, हे मात्र दोनदा सांगा. पहिल्यांदा येणाऱ्याला पडद्याशी बोलायची लाज वाटते. त्याच्यासाठी गुणांविना एक फेरी ठेवा: नुसतं रस्ता विचारणाऱ्याशी बोलणं.

ज्यांची पाळी यायची आहे त्यांना बाहेर बसवा. शेवट माहीत असलेल्याची परीक्षा होत नाही.

## ६. प्रसंग चालू असताना

मध्ये बोलू नका. सुरक्षिततेची चूक दिसली तर ‘थांबा!’ म्हणून प्रसंग तोडा. बाकी काहीही असो, शेवटपर्यंत जाऊ द्या. कानात सूचना मिळायला लागली की प्रशिक्षणार्थी पडद्याऐवजी तुमच्याकडे लक्ष देतो.

बाजूला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने चारच गोष्टींची वेळेसह नोंद ठेवावी: पहिला शब्द कधी निघाला, शस्त्र होल्स्टरमधून कधी बाहेर आलं, बोट ट्रिगरवर कधी गेलं, आड घेतली का.

समोरचा चाकू घेऊन धावून येतो असे प्रसंग लोकांना फार आवडतात. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये लिहिलं होतं की साधारण माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. त्यातून ‘२१ फुटांच्या आत आला की झाडा’ असा नियम लोकांनी परस्पर बनवला. आकडा सांगतो तो वेळेबद्दल: तुमचं पिस्तूल बाहेर यायला किती वेळ लागतो ते मोजा, आणि तेवढ्या वेळात मागे सरता आलं असतं का, मध्ये गाडी किंवा टेबल घेता आलं असतं का, ते बघा. पडद्यावरचा चाकूवाला पडद्यातून बाहेर येत नाही. म्हणून या प्रसंगात प्रशिक्षणार्थी जागचा हलत नाही आणि खोट्या धैर्याने उभा राहतो. हा धडा पडद्यावर पुरा होत नाही, तो रबरी चाकू आणि जिवंत माणूस घेऊनच करायचा असतो.

उलट मारा करणारं उपकरण, म्हणजे प्लास्टिकची गोळी किंवा पट्ट्यातून विजेचा झटका, जपून वापरा. आड न घेतल्याची जाणीव करून देण्यापुरतं ठीक. चूक निर्णयाला शिक्षा म्हणून वापरलंत तर माणूस निर्णय घ्यायलाच बिचकायला लागतो.

## ७. चर्चा: व्हिडिओ सगळ्यात शेवटी

खरं सत्र इथे सुरू होतं. क्रम मोडू नका.

पहिलं: शस्त्र ठेवायला सांगा, बसवा, अर्धा मिनिट गप्प राहा. श्वास खाली येऊ द्या.

दुसरं: व्हिडिओ न दाखवता त्याला सांगू द्या. काय दिसलं, काय ऐकू आलं, तुम्ही काय म्हणालात, किती गोळ्या झाडल्या. मध्ये दुरुस्ती करू नका. ‘का झाडली?’ हा पहिला प्रश्न नको. त्यावर माणूस वकिली करायला लागतो. ‘काय दिसलं?’ विचारा.

एका सत्रातला संवाद आठवतो.

‘सर, त्याने काळं काहीतरी काढलं.’

‘काळं म्हणजे काय?’

‘पिस्तूल असावं असं वाटलं.’

‘कशावरून वाटलं?’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘त्याने ज्या झटक्यात हात काढला, त्यावरून.’

हे उत्तर कामाचं आहे. वस्तू त्याने पाहिलीच नव्हती, हालचाल पाहिली होती. हे त्याच्याच तोंडून आलं म्हणून त्याच्या लक्षात राहिलं. किती गोळ्या झाडल्या, तर म्हणाला दोन. संगणकात पाच होत्या.

तिसरं: कायद्याच्या आणि तुमच्या दलाच्या नियमांच्या भाषेत कारण सांगायला लावा. धोका नेमका कोणाला होता, तो त्याच क्षणी होता का, दुसरा मार्ग का नव्हता. खऱ्या घटनेनंतर अहवालात आणि न्यायालयात हेच सांगावं लागतं.

चौथं: आता व्हिडिओ. आधी दाखवला तर आठवण व्हिडिओच्या साच्यात बसते आणि त्याला खरोखर काय जाणवलं होतं ते कायमचं हरवतं. यंत्रात प्रशिक्षणार्थीचं चित्रीकरण होत असेल तर दोन्ही चित्रं शेजारी लावा आणि चौकटीमागून चौकट पुढे न्या.

इथे एक गोष्ट समजावून सांगायची असते. डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, आणि अनेकांतून एक निवडायचं असेल तर त्याहून जास्त. थांबायलाही तसाच वेळ लागतो. त्यामुळे पडद्यावरच्याने शस्त्र टाकल्यानंतर लगेच सुटलेली एखादी गोळी आणि एका सेकंदानंतर सुटलेल्या तीन, यात फरक आहे. पहिली शरीराची मर्यादा, दुसरी म्हणजे पाहणं बंद झाल्याची खूण. दोन्हींना एकाच तराजूत तोलू नका.

पाचवं: तुमचे मुद्दे दोनच. यादी असेल तर खिशात ठेवा, पुढच्या सत्राला कामी येईल.

सावधान: गोळी न झाडणाऱ्याला आपोआप शाबासकी देऊ नका. झाडण्याची वेळ आली होती आणि तो गोठला होता, असंही असतं. त्यालाही तोच प्रश्न: काय दिसलं?

## ८. पुन्हा फेरी आणि नोंद

चर्चा झाली की त्याला लगेच पुन्हा उभं करा. प्रसंग तोच, वळण वेगळं. पहिल्यांदा मोबाइल निघाला होता, तर आता काहीच निघू नये. सुधारणा झाली का ते शेवटावरून ठरवू नका, सुरुवातीलाच लिहून ठेवलेल्या वाक्यावरून ठरवा: हुकूम एकच दिला का, वेळ दिला का?

नोंदीत गुणांचा आकडा शेवटी लिहा, आधी चार ओळी लिहा. प्रसंगाचं नाव, घेतलेलं वळण, प्रशिक्षणार्थीने स्वतः सांगितलेलं कारण, पुढच्या वेळी काय घ्यायचं. कॅलिब्रेशन केल्याची वेळही टाका. पुढे कधी ‘यंत्रच चुकत होतं’ असा वाद निघाला तर तीच ओळ उपयोगी पडते. चुकांचे व्हिडिओ गटांवर फिरू देऊ नका. एकदा कोणाची फजिती मोबाइलवर फिरली की पुढचे सगळे सुरक्षित खेळतात, आणि मग त्यांची चूक तुमच्यासमोर होत नाही, रस्त्यावर होते.

## ९. खरं शस्त्र परत देताना

सत्र संपलं, हसणं-खिदळणं चालू आहे, अशा वेळी हात गाफील असतात. दोन तास याच हातांनी पडद्यावर बिनधास्त ट्रिगर दाबला आहे. आता त्यांत भरलेलं पिस्तूल येणार.

सिम्युलेटरची शस्त्रं मोजून कपाटात घाला, कपाटाला कुलूप लावा. मगच बाहेरची पेटी उघडा. एकेकाला बोलवा, ‘सराव संपला, हे खरं शस्त्र आहे’ असं त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या, आणि भरणं व होल्स्टरमध्ये ठेवणं हे तुमच्या नजरेसमोर, ठरलेल्या दिशेलाच तोंड करून होऊ द्या. पुन्हा पडद्यासमोर कोणी जायचं नाही, ‘एकदाच दाखवतो’ म्हणूनसुद्धा नाही. शेवटचा माणूस शस्त्र लावून दारातून बाहेर पडेपर्यंत नोंदीचा संगणक उघडू नका.